सायलेन्सरातला बोळा

भुतांना रात्रच लागते असं कुणी सांगितलं? तपासनीस टेकडीखालच्या त्या घरी गेला तो चांगला भर दुपारी, चहा पिऊन, आवाज मोजायचं यंत्र खांद्याला अडकवून. काम नेहमीचंच. टेकडीवर मोटारसायकली उडवतात, आवाज नियमाबाहेर जातो, अशी तक्रार होती.

टेकडीवरचा ट्रॅक त्याच्या साडूचा. तपासणीच्या आदल्या दिवशी हा फोन करायचा, आणि साडू सायलेन्सरांत चिंध्यांचे बोळे कोंबायचा. आकडा नियमात बसायचा. तपासनिसाची पाठ वळली की बोळे बाहेर, पुन्हा धुमाकूळ. चिंध्याही याच्याच घरच्या, बायकोने बहिणीकडे दिलेले जुने कपडे. त्याचा निळ्या चौकड्यांचा सदरा त्यातच गेला होता. "घरचंच कार्य!" म्हणून दोघे हसायचे. आज तर साडूने ट्रॅकला कुलूपच घातलं होतं.

घरात म्हातारी एकटीच होती. तिचा नवरा शिंपी, हृदयाने अधू. कानांत कापूस घालून तो कचेरीत यायचा. "साहेब, टेकडीवर नको, एकदा माझ्या खोलीत येऊन बसा."

"येतो हो काका," तपासनीस म्हणायचा. गेला मात्र कधीच नाही. गेल्या महिन्यात काकाच गेले, आणि या वेळची तक्रार काकूंची होती.

"बसा," म्हातारी म्हणाली. "याच खुर्चीत वाट बघायचे तुमची... निदान आता तरी खरा आकडा लिहा. मला इथेच राहायचंय."

त्याची मान शरमेने वर होईना. तिने चार शिव्या हासडल्या असत्या तर बरं वाटलं असतं. तिने पाणी आणून दिलं.

त्याने यंत्र सुरू केलं. खोलीत चिडीचूप. आणि आकडा चढू लागला. सत्तर... नव्वद... शंभरच्या पुढे. खिडकीची काच थरथरत होती, पेल्यातलं पाणी हिंदकळत होतं. आवाज मात्र नाही. भिंतीवरच्या घड्याळाचासुद्धा नाही.

म्हातारीने कान गच्च दाबले होते. तिचे ओठ हलले. ऐकू येतंय ना, असंच विचारत असावी.

"नाही बाई... सगळं नियमात आहे," तो सवयीने बोलून गेला. स्वतःचा आवाजही त्याला ऐकू आला नाही. तिने नुसतं पाहिलं त्याच्याकडे. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं त्याला झालं.

उजवा कान जड झाला होता. बोट घातलं तर काहीतरी हाताला लागलं. ओढलं, तर चिंधी येऊ लागली. काळी, तेलकट, पेट्रोलच्या वासाची... येतच राहिली. शेवटचं टोक सुटलं आणि गाड्यांचा गदारोळ त्याच्या डोक्यात घुसला. तो खुर्चीत कोसळला. काका रोज हे ऐकत होते!

"लिहितो..." तो हुंदक्यात म्हणाला. "खरा आकडा लिहितो, काकू."

"उशीर केलात हो," ती म्हणाली.

गदारोळ थांबला. त्याने मांडीवरची चिंधी उलगडली. काजळीखाली निळ्या चौकड्या होत्या. फाटलेल्या कडेला बारीक, सुबक टाके घातलेले होते. निम्मी कड शिवायची राहिली होती, आणि दोऱ्याला सुई अजून लटकत होती.