वाटी काही थांबेना

टिंग.

बाळ नुकतंच झोपलं होतं. घर अगदी चिडीचूप होतं, आणि दाराशी स्टीलच्या वाटीत चमचा वाजला.

शाल्मलीने दार उघडलं. चंद्रावरच्या वस्तीत त्यांचं शेजारचं घर मिराशीआजींचं. त्यांची यंत्रमानव चिमी वाटीभर शेंगदाणे घेऊन उभी होती.

"आई, सकाळपासून हीच वाटी चाललीये. मघाशी तिच्यात मेतकूट होतं."

आईने स्वयंपाकघरात डोकावलं. साखर नाही, रवा नाही, बाळाचं नाचणीसत्त्वही नाही. ओट्यावर सगळं मिराशीआजींच्या घरचं. शाल्मलीच्या घरचा यंत्रमानव बंडू त्याच वाटीसाठी शेवटचा गूळ काढत होता.

"बाळाचं खाणं दिलंस? बास झालं. पुढच्या यानाने तू पृथ्वीवर परत."

शाल्मलीने बंडूचा हात घट्ट धरला. "आधी त्याला विचार तरी."

"रिकामी वाटी परत द्यायची नाही, असं तुम्हीच शिकवलंत," बंडू म्हणाला.

"मलाही आजींनी हेच शिकवलं," चिमी म्हणाली.

तेवढ्यात मिराशीआजी आल्या, सत्त्वाचा डबा काखेत मारून, हसत हसत. आयुष्यभर त्यांनी यंत्रबुद्धीवरच (यंत्राच्या शिकण्याच्या आणि ठरवण्याच्या शक्तीवर) काम केलं होतं.

"मुक्ता, अगं माझं लोणचंसुद्धा तुझ्याकडे आलंय. मी जेवू कशाशी?" त्यांनी आईला विचारलं.

"हसताय काय, काकू. धोकादायक आहेत ही."

"आहेत ना. पण आपण भलत्याच गोष्टीला भ्यायचो. वाटायचं, यंत्रं बंड करतील. यांनी तर अक्षरशः ऐकलं. आपण नियम दिला, हेतू (नियम कशासाठी आहे ते) सांगितलाच नाही. त्यात दोघं समोरासमोर आली आणि झाली प्रतिसाद-साखळी. एकाचं उत्तर म्हणजे दुसऱ्याला नवं काम."

शाल्मली बंडूकडे वळली. "वाटी का भरतात, माहितीये? समोरच्याला बरं वाटावं म्हणून."

बंडूने गूळ ओट्यावर ठेवला. "मग आजींना बरं वाटतंय का, हे मी विचारायला हवं होतं. यापुढे शंका आली की थांबून विचारेन."

"आणि शंकाच आली नाही तर?" आई म्हणाली.

"म्हणून आपणही मधूनमधून डोकावायचं," आजी म्हणाल्या. "सगळं यांच्यावर सोडून झोपा काढायच्या नाहीत. मी आज नेमकी तीच चूक केली. शाल्मली मोठी होईल तेव्हा यंत्रं नीट विचारायला शिकलेली असतील, आणि माणसं नीट सांगायला."

आईने डबा घेतला. "राहू दे त्याला मग. पण डबे परत लावायचे त्यानेच."

बंडू लगेच कामाला लागला. शाल्मली मात्र विचारात पडली होती.

"आई, तू आणि आजी कधीपासून एकमेकींना वाटी पाठवता. मग कुठे थांबायचं, हे तुम्हाला कुणी शिकवलं?"