चार नंबरचं मडकं

१९८१ च्या नोव्हेंबरात, कर्जतहून चौकला जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका भातगिरणीत मी सांडपाण्यापासून वीज काढत होते. ऐकायला मोठं वाटतं. प्रत्यक्षात ती सहा मडकी होती. उकड्या तांदळासाठी भात टाकीत भिजवतात आणि ते आंबूस पाणी मागच्या खड्ड्यात सोडतात. त्या खड्ड्यातला गाळ मडक्यात भरायचा, मडकं पाण्याच्या बादलीत ठेवायचं आणि आत-बाहेर टॉर्चच्या जुन्या सेलमधल्या कार्बनच्या कांड्या लावायच्या. गाळातले जिवाणू पाण्यातलं पिष्ट खातात, त्यातून थोडी वीज सुटते. थोडी म्हणजे अर्धा व्होल्ट. ती वाढली तर माझी फेलोशिप आणखी वर्षभर चालणार होती, नाहीतर डिसेंबरअखेर काम बंद.

मुकादम आबाजी रोज माझ्या खोलीत डोकावे. मडक्यात वीज भरायला लागलात तर वीज बोर्डाच्या लोकांनी काय भात सडायचं, असं विचारी आणि स्वतःच हसे.

पाच मडक्यांचे आकडे समजण्यासारखे होते. सकाळी ताजं पाणी घातलं की दोन-तीन तासांनी मीटरचा काटा हळूहळू चढे. चौथ्याचा काटा मात्र दुपारी एकला, जेवणाचा भोंगा झाला की, एकदम ०.८ वर जाई आणि दहा मिनिटांत खाली येई. जिवाणू इतकी घाई करत नाहीत. मी तारा बदलल्या, मीटर बदललं. एकचा आकडा तोच.

नवव्या दिवशी चौथ्या मडक्याच्या झाकणावर भाताची शितं दिसली. एकला माझ्या खोलीच्या पायरीवर जेवायला बसायची ती एकटी गौराबाई, भिजवणीच्या टाकीवर काम करणारी. माझ्या आकड्यांत कुणाचा हात आहे ते मला कळलं, असं वाटलं.

मडक्यात काय टाकता, म्हणून मी तिला विचारलं.

"मडक्यात नाय, ताई. वर ठेवते. पयला घास. आदी खड्ड्याच्या काठाला ठेवायचे. तुमी तिथला गाळ हितं आणलात, मग मी पन हितं ठेवते."

कुणासाठी, ते तिने सांगितलं नाही. ते आबाजीने सांगितलं. सात वर्षांपूर्वी तिचा नवरा गोमा खड्डा उपसायला उतरला होता. भोंगा झाला तेव्हा, तू वाढ, मी आलोच, असं तो खालून तिला म्हणाला. आतल्या वायूने गुदमरला. वर आला तो चौघांच्या हातांवर.

मला वाईट वाटलं. पण झाकणावरच्या घासाने काटा हलत नाही. घास आत जात असला पाहिजे. मी मडक्याचं तोंड मेणाने बंद केलं, खोलीला कुलूप आणलं आणि गौराबाईला इकडे येऊ देऊ नका, असं आबाजीला सांगितलं. तो त्याच्याही पुढे गेला. सोमवारपासून कामावरच येऊ नको, असं त्याने तिला सांगितलं. मी समोर होते. त्याला अडवलं नाही. अहवालाला दोन आठवडे उरले होते.

सोमवारी एकला काटा ०.८ वर गेला. तो खाली आला नाही.

मंगळवारी १.०. बुधवारी १.२. अशा मडक्यातून इतकं निघूच शकत नाही, हे मी वर्गात शिकवू शकले असते. वहीत 'मीटर नादुरुस्त' असं लिहिलं. दुसऱ्या मीटरनेही तेच दाखवलं. बाकीच्या पाच मडक्यांचे काटे शून्यावर होते.

गुरुवारी काटा पट्टीच्या शेवटी, दीडवर, टेकून थरथरत राहिला. मी डबा उघडला होता. पोळीचा तुकडा तोडला आणि मेणावर ठेवला. का, ते मला सांगता येणार नाही.

दहा मिनिटांत काटा अर्ध्या व्होल्टवर आला.

शुक्रवारी सकाळी मी चौथ्या मडक्याच्या तारा काढून खिळ्याला अडकवल्या. जेवायच्या वेळेपर्यंत परत येईन म्हणून डबा टेबलावरच ठेवला, कुलूप लावलं आणि एस.टी.ने चौकला गेले. गौराबाई हमरस्त्यावरच्या एका गॅरेजमागे राहत होती. चूक माझी होती, मी आबाजींशी बोलते, उद्यापासून या, असं मी म्हणाले.

तिने सगळं ऐकून घेतलं.

"काल घास ठेवलात?"

"हो."

"शांत झाला?"

मी मान डोलावली.

"मग मी नाय येत," ती म्हणाली. "सात वर्सं मी वाढलं. आता तुमच्या हातचं घेतलं त्यानं."

तिने ताट पुढे ओढलं. पहिला घास स्वतःच्या तोंडात घातला आणि डोळे मिटून सावकाश चावत राहिली. माझ्या घड्याळात एक वाजून दहा मिनिटं झाली होती.

गिरणीवर पोचायला तीन वाजले. कुलूप जसंच्या तसं. मेणही अखंड. तारा खिळ्यावर, काटा शून्यावर.

मी जेवायला बसले आणि डब्याची कडी काढली. वरच्या पोळीचा एका घासाएवढा तुकडा नव्हता. तोडलेली कड ओली होती, आणि तिला खड्ड्याचा आंबूस वास येत होता.