पाच नंबरची घंटी

पाच नंबरच्या खोलीतले शिंपीकाका गेले, तेव्हा त्यांचा अंगठा घंटीच्या बटणावर होता. दाबून दाबून अंगठ्याला खळगा पडला होता.

वृद्धाश्रम, भर दुपार. घंटी दहा पावलांवर, नर्सच्या खोलीत. तिथे नर्स, वायरमन आणि स्वयंपाकीण अशी तिघं चहा पीत होती.

"बाबांनी बोलावलं होतं का, एवढंच सांगा," मुलगी इन्स्पेक्टरबाईंना म्हणाली. "हे म्हणतात, झोपेत गेले. घंटी वाजवली तरी कुणी येत नाही, अशी निळ्या कागदावर तक्रार दिली होती मी यांच्याच हातात."

"असा कागद आलाच नाही, ताई," व्यवस्थापक मऊ आवाजात म्हणाले.

बाई नर्सकडे वळल्या. "घंटी वाजली?"

"शपथेवर सांगते, नाही ऐकली."

"वायरमन?"

"घंटी चालू आहे, मॅडम. मीच तपासली."

"आणि तुम्ही?"

"काका दिवसातून पन्नासदा वाजवायचे हो," स्वयंपाकीण म्हणाली. "डोकं उठायचं. पण आज नाही ऐकली."

"तिघंही खरं बोलताय. म्हणूनच शंका येते."

बाईंनी हवालदाराला पाच नंबरमध्ये बटण दाबून धरायला पाठवलं. स्वतः स्टुलावर चढून घंटीचं झाकण काढलं. आतून काडेपेटीत कोंडलेल्या किड्यासारखी कुरकुर आली.

सगळ्यात वर चिंधी.

"मी आपली एवढीशीच..." स्वयंपाकीण पुटपुटली.

खाली काळी चिकटपट्टी.

"सगळे म्हणाले, जरा कमी कर," वायरमन म्हणाला. "पण तार नाही हं कापली मी!"

"केवढे उपकार!"

पट्टीखाली बँडेज, नीटनेटक्या गाठीचं. नर्सने मान खाली घातली.

"बघा, माझ्या पाठीमागे काय चालतं!" व्यवस्थापक कडाडले. "तिघांनाही आत टाका!"

"थांबा. सगळ्यात आतलं राहिलंय. म्हणजे सगळ्यात आधीचं."

घंटीची हातोडी आणि वाटी यांच्यामध्ये कोंबलेली निळी घडी होती. बाईंनी ती न काढता तिचा लिहिलेला कोपरा उलगडून मुलीला दाखवला.

"माझंच अक्षर," ती म्हणाली.

"सुरुवात तुमची, साहेब. तक्रारीचा कागद तुम्ही घंटीच्याच तोंडात कोंबलात. साहेबांनाच चालतं म्हटल्यावर हिने बँडेज बांधलं, याने पट्टी लावली, हिने चिंधी. घंटी कुणीच बंद केली नाही. प्रत्येकाने जराशी कमी केली. चहा मात्र निवांत झाला."

बाईंनी घडी काढली तशी मोकळी घंटी खणखणत सुटली. हवालदाराचा अंगठा अजून बटणावरच होता.

"हो ताई," बाई आवाज चढवून म्हणाल्या, "बोलावलं होतं."

मुलगी रडू लागली. स्वयंपाकिणीचे हात सवयीने कानांवर गेले.