बुधवारचे ट्रक

सकाळी सात वाजता यशवंत ढवळ्यांचा फोन वाजला. दिल्लीतल्या द्वारकेच्या त्यांच्या घराच्या खिडकीतून समोरची इमारतही दिसत नव्हती. धुक्याने ती गिळून टाकली होती.

"सर, गुरुग्रामपलीकडचा नाल्यावरचा पूल पडला. ट्रकसकट. ड्रायव्हर गेला." समाधानचा आवाज कापत होता. "आणि सगळे म्हणतात, माझ्यामुळे."

यशवंत निवृत्त सांख्यिकी अधिकारी. रस्त्यावरची वाहनं कशी मोजायची, हे समाधानला त्यांनीच शिकवलं होतं. दहाच्या सुमारास ते कस्तुरबा गांधी मार्गाजवळच्या त्यांच्या जुन्या कार्यालयात पोहोचले.

संचालक रेवती मॅडम थेट मुद्द्यावर आल्या. "रोज पाच हजारांच्या वर जड वाहनं जात असली, की पूल नव्याने तपासावाच लागतो. डिसेंबरच्या मोजणीत इथे निघाली अकराशे. पूल तपासणीच्या यादीतून वगळला गेला. मोजणीच्या तक्त्यांवर सही समाधानची. दुपारी पोलीस त्याला नेतील." समाधान कोपऱ्यात उभा होता आणि दारात इन्स्पेक्टर.

"मागची तपासणी कधीची?"

"दोन वर्षांपूर्वीची. पूल ठणठणीत असल्याचा दाखला आहे म्हणे. फाइल मागवलीय."

मोजणी विभागाचे प्रमुख जयदीप तक्ते घेऊन आले. "बिल्कुल साफ केस आहे, सर. घरी बसून रेघा मारल्यात पठ्ठ्यानं. लोकांना कोरे तक्ते म्हणजे रद्दी वाटते. म्हणून दहा जानेवारीला नवे छापून आले, तसे मी कुलपात टाकले. किल्ली माझ्याच खिशात."

यशवंतांनी चष्मा पुसला. एका वाहनाला एक रेघ, पाचवी आडवी. बस, ट्रक, मोटार, ई-रिक्षा. ज्याचा त्याचा रकाना. सगळं कसं नेटकं.

"हे संगणकात कुणी भरलं?"

"मी," संगणकापाशी बसलेली कारकून प्रणिता घाबरत म्हणाली. "पंधरा जानेवारीला मिळाले, तसेच्या तसे भरले. शपथ, सर."

यशवंत समाधानकडे वळले. "सतरा डिसेंबर, बुधवार. सकाळी सहा ते नऊ किती ट्रक गेले?"

"एकही नाही. धुक्यात गाड्या एकमेकांवर आदळल्या होत्या, रस्ताच बंद होता. आम्ही शेकोटीपाशी बसलो. तीनही तासांना शून्य लिहिलं."

"आणि ई-रिक्षा कुठे लिहायचास?"

"समासात. त्यांना रकाना कुठे होता, सर?"

"अच्छा!" जयदीप हसले. "आता बरं आठवतंय रे सगळं!"

दारातला इन्स्पेक्टर पुढे झाला. "रास्ता बंद था जी. मैं खुद खड़ा था."

यशवंतांनी तक्त्यावर बोट ठेवलं.

"या तक्त्यात त्या तीन तासांत एकशे चाळीस ट्रक आहेत," यशवंत सावकाश म्हणाले. "बंद रस्त्यावरून! तिथे उभा असलेला माणूस ही चूक करणार नाही. खोलीत बसून रेघा मारणाराच करेल. म्हणजे समाधान नव्हे."

"मग प्रणिता?" मॅडमनी विचारलं.

"ई-रिक्षाचा रकाना बघा. डिसेंबरच्या कागदात तो नव्हताच, जानेवारीच्या छपाईत आला. मोजणी डिसेंबरची, कागद जानेवारीचा. आणि ते कोरे कागद प्रणिताच्या हाती लागणारच नव्हते. ते कुणाच्या कुलपात होते, जयदीप?"

तेवढ्यात फाइल आली. रेवती मॅडमनी पान उलटलं आणि त्यांचा चेहरा उतरला. ठणठणीत पुलाच्या दाखल्याखाली जयदीपची सही होती; दोन वर्षांपूर्वी पूल तपासायचं काम त्यांच्याकडेच होतं.

"आकडा खरा राहिला असता, तर पूल तपासला गेला असता," यशवंत म्हणाले. "आणि तुम्ही त्या पुलाखाली कधी उतरलाच नव्हता, हे कळलं असतं. म्हणून तुम्ही समाधानचे तक्ते गायब केले आणि त्याची सही गिरवली."

जयदीप खुर्चीत बसले. "वाटलं, अजून वर्षभर तग धरेल."

"असे न बघता किती पूल पास केलेत?"

जयदीप जमिनीकडे बघत म्हणाले, "तेवीस."

इन्स्पेक्टरने समाधानच्या वाटेतून बाजूला होत त्याला जायची खूण केली. समाधान गेला नाही. त्याने खुर्ची ओढली, कोरा कागद घेतला आणि पेन उघडलं.

"नावं सांगा," तो म्हणाला. "ज्यांच्यावरून शाळेच्या बस जातात, ती आधी."