केबिनमधली रोटी

“ते धूड जरा बंद करा. आत आपा बोलतायत.”

धुळीचं वारं सुटलेलं, डोक्याचा रुमाल तोंडात येतोय आणि मी पोकलेनच्या केबिनवर मूठ आपटतेय – आमची पहिली भेट ही अशी. वरून एक चेहरा वाकला. भुवयासुद्धा धुळीने पांढऱ्या झालेल्या.

“काय बोलतायत?”

“त्यांच्या लग्नाची गोष्ट. रेकॉर्डरवर नुसती तुमची घरघर येतेय.”

“मग लग्न लागेपर्यंत थांबतो,” तो म्हणाला आणि खरंच किल्ली फिरवली.

उझबेकिस्तानातलं आमचं नुकुस शहर वाढत होतं. कालव्याकाठची आमची जुनी वस्ती पाडून तिथे उंच इमारती येणार होत्या. त्याआधी लोकांच्या आठवणी त्यांच्याच आवाजात जपायच्या, हे लायब्ररीने मला दिलेलं काम. पाडायचं काम त्या पोकलेनवाल्याचं, जालगासचं. मी एखाद्या घरातून बाहेर पडले की मागोमाग तो यायचा आणि घर जायचं. अशा माणसाच्या प्रेमात कुणी पडतं का? मी पडले.

बीबीझादा आपांच्या आठवणी काही संपेनात. तो रोज यंत्र बंद करायचा आणि मग खिडकीतून डोकावायचा.

“संपलं का, लायब्ररीवाल्या बाई?”

“अजून थोडं…”

“तुमचं थोडं म्हणजे दोन किटल्या चहा.”

चहा आपाच द्यायच्या. पहिल्या दिवशी त्याने घाईत अख्ख्या रोटीचा एक चावा घेतला आणि उरलेली तशीच ठेवून निघाला. आपांनी ती उचलून भिंतीवरच्या खिळ्याला टांगली. आमच्याकडे लांब निघालेला माणूस असा चावा घेऊन जातो. तो परत येऊन खाईपर्यंत उरलेली रोटी तिथेच राहते, कुणी ती हलवत नाही.

“आता हा येतोय बघ,” आपा मला म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी तो आला. कडक झालेली रोटी चहात बुडवून, माझ्याकडे बघत बघत खाल्ली. मग तो खेळच झाला. रोज चावा, रोज परत.

“तुमचीही एखादी आठवण द्या की,” मी रेकॉर्डर पुढे करायचे.

“पाडणाऱ्याची आठवण कोण ऐकणार? तुम्ही?”

“लायब्ररी.”

“मग राहू दे.”

माझे कान तापायचे, आणि आपा मुद्दाम दुसरीकडे बघायच्या.

जर्दाळू फुलला आणि आपांच्या घराची पाळी आली. जालगासने यंत्र सुरू करायला नकार दिला. मुकादमाने त्याला काढून टाकलं, दुसरा चालक बोलावला. घर काही वाचणार नव्हतं. गावात त्याला कुणी काम देईना, म्हणून तो कझाकस्तानात तेलविहिरींवर निघाला.

निघायच्या सकाळी तो आपांच्या अंगणात आला. रोटी मी स्वतः भाजली होती.

“घे ना चावा,” मी म्हटलं. त्याला पहिल्यांदाच अरे-तुरे केलं.

तो रोटीकडे बघत राहिला. “तुझा रेकॉर्डर लाव.”

मी लावला.

“माझा भाऊ असाच चावा घेऊन गेला. मुयनाक गावातल्या आमच्या घरात ती रोटी कित्येक वर्षं टांगलेली होती. आईने दाराला कधी कडी लावली नाही. वाळू आत यायची, ती झाडायची. त्या रोटीकडे बघतच ती गेली… भाऊ आलाच नाही. तुला मी तसं बसवणार नाही, सर्बिनाझ. तू मला फार आवडतेस, म्हणून चावा घेत नाही.” तो थांबला. “संपलं.”

मला संताप आला. रडू फुटायच्या आत मीच त्या रोटीचा चावा घेतला आणि ती त्याच्या हातात कोंबली.

“मग तू टांग. मी येईन.”

“कुठे टांगू? मला भिंत कुठाय?” तो हसायला गेला, त्याला जमलं नाही. रोटी घेऊन निघून गेला.

आपा लेकीकडे गेल्या. घर पाडायच्या दिवशी मी रेकॉर्डर घेऊन एकटीच अंगणात उभी होते. तेच पोकलेन आलं. केबिनमध्ये, सीटच्या मागे, तारेने रोटी टांगली होती. माझ्या दातांची खूण तशीच होती.

“आधीचा बांधून गेला,” नवा चालक म्हणाला. “कुणाला हलवू देऊ नको म्हणाला. एवढंच घर आहे म्हणे त्याला. तुमची आहे का? काढू?”

“नको.”

मी परत आले होते. माझी रोटी टांगली होती, तिथेच आले होते. वाट बघणारा तेवढा नव्हता. मी ओट्यावर बसले.

“सरका बाई, मला उशीर होतोय.”

मी सरकले.

लायब्ररीत ते रेकॉर्डिंग आहे. भिंती पडतात, बराच वेळ पडत राहतात, मग यंत्र बंद होतं. एक बाई हळूच विचारते, “संपलं का?”