मागच्या दाराची कडी

त्या दुपारी काम एवढंच होतं. गिऱ्हाइकाच्या पँटची उंची दोन बोटं कमी करायची आणि लेक कामावरून येईपर्यंत नातीला सांभाळायचं. म्हातारा शिंपी दोन्ही कामं बसल्या जागी करी. तो मशीनवर, आणि शेजारच्या कापायच्या टेबलाखाली चार वर्षांची नात, बटणांचा डबा घेऊन. शिंप्याची नात म्हणून घरात सगळे तिला गुंडी म्हणत.

पोरीच्या तोंडात शब्द मोजके, पण एकेकाला ती दहा कामांना जुंपी. "आबा, पाणी" हा हुकूम. तेच शब्द हळूच, ओढून म्हटले की समजायचं, पाणी सांडलंय. रिकामी वाटी पुढे करून "घ्या पाणी" म्हणाली की तिचं दुकान उघडलं. आणि एकटी असली की स्वतःलाच बजावी, "आता लाल लाव. आता निळं. पाडू नको हां." म्हाताऱ्याच्या डाव्या कानाने कधीच राम म्हटला होता, तरी नुसत्या सुरावरून त्याला कळे, पोरीला काय हवंय ते.

म्हणूनच त्या दुपारी त्याचा पाय मशीनवर थबकला. गुंडी काही मागत नव्हती, सांगत नव्हती, खेळतही नव्हती. ती उत्तरं देत होती.

"चार."

मग शांतता. एक प्रश्न मावेल एवढीच.

"कामावर गेली."

पुन्हा शांतता.

"आबा आहे. पण त्याला कमी ऐकू येतं."

"गिऱ्हाईक भारी चौकस दिसतंय गं तुझं," म्हातारा म्हणाला. गुंडी हसली नाही.

"नाही पोचत माझा हात," ती म्हणाली. आणि जरा वेळाने, "हो... खुर्ची आहे."

म्हाताऱ्याची नजर मागच्या दाराकडे गेली. त्या दाराबाहेर पूर्वी लोखंडी जिना होता. गंजला म्हणून गेल्या वर्षी कापून नेला. आता कडी काढली की खाली तीन मजले नुसती हवा. दाराच्या फटीतून गंजाचा ओलसर वास येत होता.

तो गुडघे सांभाळत खाली बसला. टेबलापासून दारापर्यंत गुंडीने बटणांची सरळ रांग लावली होती.

"गुंडे, कुणाशी बोलतेस?"

"ती विचारते ना."

"कोण ती?"

"जिन्यावरची."

"तिथे जिना नाही, बाळ."

"पण ती बसलीये..."

बोलता बोलता ती उठली आणि खुर्ची दाराकडे ओढू लागली. म्हाताऱ्याने तिला मागून मिठीत घेतलं. पोर दाराकडेच बघत होती.

"ती म्हणते, येतेस का?"

तिचे ओठ उत्तरासाठी उघडले. म्हाताऱ्याने त्यांच्यावर हात ठेवला आणि दाराला म्हणाला, "ती नाही यायची. लेकराला काही विचारू नकोस. विचारायचं ते मला विचार."

मग तळव्याखाली ओठ हलले.

"आबा, पाणी."

हुकूम होता. म्हाताऱ्याचे डोळे भरून आले. त्याने खुर्ची उचलून कपाटावर ठेवली. नंतर पोरीने का, का करून त्याला भंडावून सोडलं. एरवी 'पुरे गं भवाने' म्हणणारा म्हातारा एकेका प्रश्नाला तीन तीन उत्तरं देत होता.

दिवे लागायच्या सुमाराला लेक आली. तो पँटची राहिलेली टीप घालत होता.

"बाबा, कुणाशी बोलताय?"

"मी? कुणाशी नाही."

"आत्ता म्हणालात की, बहात्तर. मग म्हणालात, डावा." ती हसली, पण हसू अर्ध्यातच राहिलं. "आणि 'कडीला माझा हात पोचतो', हे कुणाला सांगत होतात?"

म्हाताऱ्याने पायाकडे पाहिलं. मशीन केव्हाचं थांबलं होतं. गंजाचा वास आता अगदी जवळ, डाव्या कानापाशी होता.

"आई, श्श..." टेबलाखालून गुंडी म्हणाली. "तिने आबाला शेवटचं विचारलंय."