डार्करूमचं दार

दिवा राहू दे रे जयवंता, पण दाराकडे पाठ करून बसू नकोस. आणि मध्येच "मग काय झालं, अण्णा?" म्हणालात तर मी उठून जेवायला जाईन. उगाच ऐकीव सांगत नाही. श्यामकांत अंधेरीला माझ्या शेजारच्या खोलीत राहायचा. त्याने दुसऱ्या दिवशी हे मला सांगितलं, तेव्हा हातातला चहा पार निवून गेला होता त्याचा.

श्यामकांत स्टुडिओत कॅमेऱ्यावर असिस्टंट. रविवारी स्टुडिओ बंद, तेव्हा कॉलेजच्या मुलांना सिनेमाचं काम शिकवायचा. फुकट, निव्वळ हौसेने. प्रिन्सिपॉलसाहेबांना ही सगळी थेरं वाटायची. त्यांनी कच्च्या फिल्मचा एकच डबा मिळवून दिला आणि बजावलं, हा वाया गेला तर वर्ग बंद.

छप्पन्न साल. दोन डिसेंबर, रविवार, कार्तिकातली अमावास्या. संध्याकाळी साडेसातला तो क्षमा नावाच्या विद्यार्थिनीला घेऊन स्टुडिओत गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी मुलांचं शूटिंग, म्हणून तिने फिल्म कॅमेऱ्याच्या मॅगझिनमध्ये, म्हणजे वर बसवायच्या पेटीत, भरून ठेवायची. तिचे वडील फाटकापाशी बाकावर बसले होते.

फिल्म भरायची ती डार्करूममध्ये, मिट्ट काळोखात, नुसत्या हातांनी. न्हाणीघराएवढी खोली. परक्या मुलीबरोबर आत कसं जाणार? म्हणून तो बाहेर थांबला. खरं म्हणजे एकटा असता तरी तो आत गेला नसता.

त्याला हे काम शिकवलं गुणाजीने. मालवणकडचा माणूस, हाताचा पक्का, तोंडात सदा पान. त्याचा एकच नियम होता. आतला "उघड" म्हणत नाही तोवर बाहेरच्याने दाराला हात लावायचा नाही. उजेडाची रेघ शिरली तरी फिल्मची वाट लागते. दोन वर्षांपूर्वी गुणाजी ह्याच खोलीत छातीत कळ येऊन पडला, आणि श्यामकांत बाहेर अर्धा तास नियम पाळत उभा राहिला. डॉक्टर म्हणाले, थोडं आधी आणलं असतं तर... ते "तर" श्यामकांतला रोज खात होतं.

"सर, दिवा घालवते हं," क्षमा आतून म्हणाली.

"घालव. घाई नको करू. हातांना सवय होते."

पाच मिनिटं गेली.

"जमतंय का गं?"

उत्तर नाही. पण आत डब्याचं झाकण वाजलं. मग फिल्म सरकल्याचा आवाज आला. सर्र... सर्र... सावकाश, न अडखळता. पोरगी कामात आहे म्हणून त्याच्या जिवात जीव आला. तरी बोलत का नाही ही?

"क्षमा?"

सर्र...

"अगं, ओ तरी दे."

सर्र...

थांबलं.

मग दाराच्या अगदी पलीकडून आवाज आला. बाईचा नव्हे.

"शाम्या. उघड."

शाम्या... त्याला ह्या नावाने एकच माणूस हाक मारायचा.

"उघड रे. चेडवाक दम लागलो हा." चेडवाक म्हणजे पोरीला, त्यांच्या मालवणीत.

श्यामकांतचा हात दाराच्या मुठीवर होता. हलेना. उघडलं तर आत कोण दिसणार? फिल्म गेली तर वर्ग संपला. आणि नाही उघडलं तर... पुन्हा?



त्याने डोळे मिटले. दार ओढलं.

आत फक्त क्षमा होती. कोपऱ्यात पडलेली. ओठ निळे, छातीत घरघर. पोरीला दम्याचा विकार, आणि सर वर्गातून काढतील म्हणून तिने लपवलेला. त्याने तिला उचलून उघड्यावर आणलं, वडील धावले, समोरचे डॉक्टर आले. इंजेक्शन टोचलं, तेव्हा कुठे श्वास सुरळीत झाला. वाचली.

जरा बोलता आलं तशी ती रडायला लागली. "सर, चुकलं माझं. मी डबा फोडलासुद्धा नाही. दिवा घालवला आणि श्वासच मिळेना."

श्यामकांत उठला. एकटा परत गेला आणि डार्करूमचा दिवा लावला.

टेबलावर मॅगझिन होतं. भरलेलं, झाकण घट्ट बसवलेलं. फिल्मचं टोक तेवढं बाहेर काढलेलं, असतं तसंच. काळोखात फिल्मची बाजू ओळखायची तर ते टोक ओठांना लावतात, चिकटते ती मसाल्याची, म्हणजे रासायनिक लेपाची, बाजू.

त्या टोकावर ओठांचा ठसा होता. पान खाल्लेल्या ओठांचा, लाल.

श्यामकांतने बोट लावलं.

ओला होता...